डाउट म्हणजे शंका, पण कुठली?

आमच्या घरच्या ग्रुपवर परवापासून जोरदार वाद चाललाय. भाचीला शाळेतून १०० कॉमन इंग्रजी शब्दांची यादी मिळाली, प्रत्येकापुढे एकच मराठी अर्थ, सगळी पाठ करायची. निम्मे म्हणतात पाठांतराशिवाय शब्द डोक्यात बसत नाहीत, निम्मे म्हणतात कार्टून बघून आपोआप येतं. मी ११ वर्षं इंग्लंडात राहतोय आणि मला वाटतं भांडायचंच तर त्या 'एकच अर्थ' वर भांडा.

इथे नवीन होतो तेव्हा मीटिंगमध्ये मी म्हणालो, आय हॅव अ डाउट. मला फक्त विचारायचं होतं की हा आकडा काढला कसा. समोरची बाई एकदम गप्प झाली, लॅपटॉप माझ्याकडे फिरवला आणि एकेक ओळ तपासून दाखवायला लागली, कारण तिला वाटलं माझा तिच्या कामावर विश्वास नाही. आपल्या 'शंका' मध्ये दोन्ही आहे, शंका विचारणं वेगळं आणि शंका घेणं वेगळं. इथल्या इंग्रजीत डाउट म्हणजे घेतलेली शंका, विचारलेली नाही. हे यादीत कुठे लिहिलेलं असतं?

'क्वाइट गुड' चं पण तेच. अमेरिकन माणूस म्हणाला तर काम छान झालंय, इंग्रज म्हणाला तर बऱ्याचदा नुसतं बरं झालंय. हा शब्द मी लहानपणापासून ऐकत होतो तरी हा फरक मला कळला नव्हता, म्हणून कार्टूनवाल्यांचंही पूर्ण पटत नाही.

मात्र इथली आपलीच काही माणसं म्हणतात की भारतात चुकीचं इंग्रजी शिकवतात, त्याचा मला खरंच राग येतो. डाउट म्हणजे प्रश्न हा अर्थ आपल्याकडे सगळ्यांना कळतो, मग तो चूक कसा? 'प्रीपोन', म्हणजे ठरलेली वेळ अलीकडे आणणं, हा शब्द आपल्याकडे रुळला आणि आज ऑक्सफर्डच्या शब्दकोशात आहे. मुलांना दोन्ही सांगा, इथे असं चालतं, तिथे असं.

आणि अवघड शब्दांच्या मागे लागू नका. ऑक्सफर्डच्या १९८९ च्या मोठ्या कोशात एकट्या 'सेट' सारख्या साध्या शब्दाचे ४०० हून जास्त अर्थ आहेत. घाबरायचं कारण नाही, आपलं 'लागणे' बघा, भूक लागते, ठेच लागते, नोकरी लागते, ते आपण कुठे यादीतून शिकलो? वाक्यातून शिकलो.

म्हणून काल भाचीला फक्त 'टेक' पाठवला, पाच वाक्यांत. टेक अ सीट, टेक अ फोटो, टेक द डॉग आउट, इट टेक्स टाइम, टेक केअर. तिने मराठी करून पाठवलं, बस, फोटो काढ, कुत्र्याला बाहेर ने, वेळ लागतो, काळजी घे. खाली लिहिलं होतं, मामा, यादीत टेक म्हणजे घेणे आहे, पण ते एकदाच आलं की.