आधी लिहू द्या, ऱ्हस्व-दीर्घ नंतर बघू

गावोगावच्या लेखनकट्ट्यांना माझं एक कळकळीचं सांगणं आहे. बैठकीची पहिली पंधरा मिनिटं वाचनाला देऊ नका, चर्चेलाही नको. ती लिहायला द्या. तिथेच बसून, सगळ्यांनी, हात न थांबवता. खोडायचं नाही, मागे वळून वाचायचं नाही. सुचलं नाही तर ‘सुचत नाही’ हेच लिहीत राहायचं. आणि लिहिलेलं वाचून दाखवायची सक्ती कुणावरही नाही.

अमेरिकेत लेखन शिकवणारे प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ साली ही पद्धत पुस्तकातून मांडली. लिहिणं आणि तपासणं एकाच वेळी करायला गेलं की दोन्ही अडतं, हे त्यांचं म्हणणं. मला वाटतं, मराठीत तर ते जास्तच अडतं. कारण आपल्याकडे पेन हातात घेतलं की शाळेतली लाल शाई आधी आठवते. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १९६२चे चौदा नियम आणि १९७२चे चार, एवढे अठरा नियम पाठ नसलेला माणूस स्वतःला लिहायला नालायक समजतो. घरची बोली तर कागदावर आणायचीच नाही, असं त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं.

आमच्या जळगावकडच्या गटात हे मी डोळ्यांनी बघते. चहाच्या वेळी लेवा बोलीत, अहिराणीत भरभरून बोलणाऱ्या बायका वही उघडली की ‘सायंकाळची रम्य वेळ होती’ असं लिहायला लागतात. श्रावणाच्या कविता लिहिणाऱ्या आमच्या एका ताईंनी अशाच एका बैठकीत केळीच्या कापणीबद्दल लिहिलं. चिकाचे डाग कपड्यावरून जात नाहीत, म्हणून वडिलांचा कापणीचा सदरा वेगळा खुंटीला असायचा आणि लग्नाकार्याला ते आधी हात लपवायचे. त्यात ‘मला’च्या जागी ‘मले’ आलं होतं. ते तसंच राहू द्या म्हणून मी अक्षरशः हट्ट धरला.

बहिणाबाई इथल्याच, आसोद्याच्या. त्यांना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांचा मुलगा कवी सोपानदेव आणि सोपानदेवांचा मावसभाऊ यांनी ओव्या उतरवून घेतल्या, आणि बहिणाबाई गेल्यावर १९५२ साली त्या छापून आल्या. उतरवून घेताना त्यांनी बोली ‘सुधारली’ असती तर आपल्या हातात काय उरलं असतं?

ज्येष्ठ मंडळी विचारतात, मग दर्जाचं काय? दर्जा हवाच. पण तो दुसऱ्या फेरीत. घरी जाऊन त्या पानातली एखादी जिवंत ओळ शोधायची, तिच्यावर काम करायचं आणि पुढच्या बैठकीत ते काटेकोर तपासायचं. तिथे मात्र नुसतं ‘वा, छान’ म्हणून सोडू नका, तेही नुकसानच करतं.

१९२३ साली पुण्यात रविकिरण मंडळ जमलं. माधव जूलियन, यशवंत, गिरीश, मनोरमाबाई रानडे एकमेकांना कविता वाचून दाखवत, चर्चा करत. आपले बहुतेक गट आजही त्याच धर्तीवर चालतात. पण ती सगळी लिहिती मंडळी होती. आपल्याकडे येतो तो निवृत्त कंडक्टर, दुपारची सवड काढून येणारी गृहिणी, नुकतीच कॉलेजला लागलेली मुलगी. त्यांना वाचायला उभं करण्याआधी लिहितं करायला नको का?

विषयही जपून द्या. ‘आई’, ‘पाऊस’, ‘माणुसकी’ दिलं की सगळ्यांच्या वहीत तेच ते येतं. घरातलं एखादं कुलूप द्या, एसटी स्टँडवरची वाट बघणं द्या, विकलेलं जनावर द्या. आणि वह्या गटाने गोळा करू नयेत. ज्याची त्याच्याकडेच राहू दे, नाहीतर माणूस मोकळा होत नाही.

येत्या २७ फेब्रुवारीला मराठी भाषा गौरव दिनी वाचनालयात कविसंमेलन ठेवत असाल तर त्याआधी एक तास असा ठेवून बघा. सतरंजी आणि वह्या-पेनं पुरतात. सुरुवात कशी करायची हे विचारायचं असेल तर मेसेज करा, जेवढं माहीत आहे तेवढं सगळं सांगेन.