आधी वास, मग गाडी

मी घरी आल्याचं आमच्या गल्लीला आधी नाकानं कळतं, मग कानानं. माझी गाडी २००६ सालची, साडेतीनशे सीसीची, एका सिलिंडरची. लांबच्या प्रवासासाठी हौसेनं घेतलेली. तिनं मला गोव्याला नेलं, हंपीला नेलं. अलीकडं ती फक्त कोल्हापुरातल्या गॅरेजांच्या उद्यमनगरला नेते.

सुरुवात थरथरीनं झाली. काटा साठच्या पुढं गेला की हँडलला हुडहुडी भरायची. कागलला चहाला थांबलो तर हातातल्या कपबशीचं आपसात भांडण सुरू. आरशात एका ट्रकचे तीन ट्रक दिसायचे आणि मी तिघांनाही इमानदारीत साइड द्यायचो.

पाठोपाठ वास आला. एके सकाळी आई स्वयंपाकघरातून ओरडली, "गॅस सुटलाय!" रेग्युलेटर काढला, खिडक्या उघडल्या, देवापुढची उदबत्ती विझवली, गॅसवाल्याला बोलावलं. त्यानं नळीला साबणाचं पाणी लावलं. एक बुडबुडा येईल तर शपथ. जाताना जिन्याखालच्या माझ्या गाडीकडं बघून म्हणाला, "साहेब, हे गिऱ्हाईक माझं न्हवं."

त्यावर बायको म्हणाली, "मी चाललो आईकडं. तुम्ही बसा वास घेत." (कोल्हापुरात बायकाही 'मी चाललो'च म्हणतात, त्यामुळं धमकीला वजन येतं.)

मिसळीवर जादाचा कट आणि गाडीवर सल्ला, या दोन गोष्टींना आमच्याकडं पैसे पडत नाहीत. "चेन सैल हाय भावा," म्हणून चेन ताणली. "टायर खाल्लाय," म्हणून टायर बदलला. "कोनसेट गेलाय," म्हणून हँडलचं ते बेअरिंगही नवं घातलं. थरथर जागच्या जागी. तालमीतलं एक पोरगं म्हणालं, "आवाज नादखुळा हाय, हात लावू नगा." आणि एक आजोबा पेट्रोल नक्की कुठनं ठिबकतंय ते बघायला खाली वाकले. तोंडात पेटती बिडी. त्यांना उचलून बाजूला करताना माझी जी थरथर झाली, तिच्यापुढं गाडीची काहीच नव्हती.

शेवटी डोकं वापरलं. गगनबावड्याच्या रस्त्याला मोकळा पट्टा गाठून पासष्टला गेलो, क्लच दाबला आणि रेस सोडली. गाडी त्याच वेगात पळतेय, इंजिन खाली आलंय आणि थरथर गायब! म्हणजे चाकं, चेन, कोनसेट सगळे निर्दोष. त्यांचा दोष असता तर क्लच दाबूनही हादरे बसले असते. ही अक्कल टायर घ्यायच्या आधी आली असती तर टायरचे पैसे वाचले असते.

उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी स्क्रू-ड्रायव्हरचं टोक इंजिनाला आणि मूठ कानाला लावली, डॉक्टरसारखे डोळे मिटले आणि मग खाली, इंजिन चेसिसला आवळलेलं असतं तिथं, बोट दाखवलं. "पुढच्या फाउंडेशन बोल्टाचा नट कुठाय?"

नट घरी होता. गेल्या पाडव्याला गाडी पुसताना मला फरशीवर सापडला होता. जादा आलाय म्हणून मी तो ड्रॉवरमध्ये जपून ठेवला होता.

मिस्त्री काही बोलले नाहीत. त्यांनी ऑइलची पट्टी काढून माझ्या नाकापुढं धरली. भक्कन पेट्रोलचा वास! आणि पातळी खुणेच्या वर. गाडी ऑइल अजिबात खात नाही, उलट वाढवते, असं मी वर्षभर कौतुकानं सांगत होतो.

"दोन रोग न्हाईत, एकच हाय," मिस्त्री म्हणाले. इंजिन हादरून हादरून कार्ब्युरेटरमधली, वाटी भरली की पेट्रोल अडवणारी फ्लोटची सुई झिजली. ती बसेना, त्यामुळं पेट्रोल थांबेना. रात्रभर थोडं ओव्हरफ्लोच्या नळीतून फरशीवर, थोडं इंजिनातून ऑइलमध्ये. शिवाय टाकीखालचा पाइप फुगून मऊ झालेला. आता पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला सोसत नाही. आमच्या चुलत्यांचा ऊस कारखान्याला जातो आणि कारखान्यांच्या मळीतून इथेनॉल निघतं. म्हणजे माझा पाइप भाऊबंदकीनंच खाल्ला म्हणायचं.

"रात्री टाकीखालचा पेट्रोलचा कॉक बंद करता न्हवं?" मिस्त्रींनी विचारलं.

तो बंदही करायचा असतो? मला वाटायचं, तो नुसता रिझर्व्हला लावायला असतो.

नट बसला, सुई, पाइप आणि ऑइल बदललं. थरथर गेली, वास गेला, बायको परत आली. त्या रात्री झोपायच्या आधी मी दोनदा खाली जाऊन कॉक बंद असल्याची खात्री केली.

सकाळी राजारामपुरीतून ऐटीत निघालो. कॉक बंद असला तरी कार्ब्युरेटरच्या वाटीतल्या पेट्रोलवर गाडी किलोमीटरभर सहज जाते. माझी दाभोळकर कॉर्नरपर्यंत आली आणि सिग्नलच्या ऐन मधोमध गप्प झाली. मागनं हॉर्न सुरू झाले. शेजारच्या रिक्षावाल्यानं मान बाहेर काढून प्रेमानं सांगितलं, "भावा, चेन सैल हाय."