पँडेमोनियम म्हणजे घबराट नव्हे

माझी भाची एमपीएससीची तयारी करते. तिच्या अभ्यासाच्या ग्रुपवर ‘इंग्रजी शब्द पाठ करायची युक्ती’ म्हणून एक मेसेज फिरतोय. पॅनिकपासून पँडेमिक झाला, पँडेमिकपासून पँडेमोनियम. तिन्हींचा अर्थ घबराट. आणि सगळ्याचं मूळ भीतीत असल्यामुळे भीती सोडली की साथ संपते. पोरीने हे वहीत उतरवूनही घेतलंय!

आधी त्या शेवटच्या वाक्याचं बघू. पँडेमिकमधला ‘डेम’ म्हणजे ग्रीक ‘डेमॉस’, लोक. डेमॉक्रसीत आहे तोच. ‘पॅन’ म्हणजे सर्व. सगळ्या लोकांत पसरलेला रोग तो पँडेमिक. भीतीचा त्यात मागमूस नाही. 1918 च्या जूनमध्ये मुंबईत इन्फ्लुएंझा आला, तेव्हा सुरुवातीलाच दवाखान्यात दाखल झाले ते पोलीस शिपाई, त्यांतला एक गोदीवर नेमलेला. तो बोटीने आला, आगगाडीने देशभर गेला आणि एक कोटीहून जास्त माणसं मेली. घाबरले म्हणून मेले का ते? कोविडमध्ये घरोघरची माणसं गेली असताना असलं वाक्य मुलांना पाठ करायला देणाऱ्याचा संताप येतो.

पॅनिक वेगळाच. पॅन हा ग्रीक मेंढपाळांचा देव. रानात एकाएकी वाटणारी भीती त्याच्या नावावर टाकत. बस्स.

पँडेमोनियमचा तर जन्मदाखलाच आहे. इंग्रज कवी मिल्टनने ‘पॅराडाइज लॉस्ट’ या 1667 च्या महाकाव्यात, पहिल्याच खंडात तो घडवला. स्वर्गातून हाकललेले देवदूत नरकात सैतानाची राजधानी उभारतात, तिचं हे नाव: ‘पॅन’ आणि ‘डीमन’, म्हणजे सगळ्या पिशाच्चांचं ठिकाण. आत मधमाश्यांसारखी दाटी होते, शेवटी ती पिशाच्चं आकाराने बुटकी होऊन मावतात. पुढच्या खंडात तिथे सभा भरते आणि एकेक जण रीतसर उठून बोलतो! गोंगाटाचा अर्थ शब्दाला नंतर चिकटला.

पँडेमिक आणि पँडेमोनियम यांतला ‘पॅन’ एकच, एवढं मान्य. पण पुढचा अर्धा शब्द कुणी वाचायचा?

आणि वापर? विधानसभेत सदस्य वेलमध्ये, म्हणजे अध्यक्षांसमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतात, घोषणा देतात, कागद भिरकावतात, अध्यक्ष कामकाज तहकूब करतात, तेव्हा इंग्रजी पेपर ‘पँडेमोनियम’ लिहितात. मराठीत आपण गदारोळ म्हणतो. सभागृहात कुणी घाबरलेलं नसतं. समानार्थी शब्द विचारला तर ‘केऑस’ किंवा ‘अपरोअर’वर खूण करा. ‘फिअर’वर केलीत तर निगेटिव्ह मार्किंग आहेच.