कान नंतर, आधी शेपूट बघा

अमेरिकेच्या पश्चिमेला फिरायला निघालेल्या आपल्या मंडळींत तिथल्या दोन जातींच्या हरणांबद्दल, म्यूल डिअर आणि व्हाइटटेल यांच्याबद्दल, एक निरोप फिरतोय: ‘म्यूल डिअर ओळखणं सोपं. उघडं रान, लपायला जागा नाही. मोठे कान दिसले की म्यूल. मागे पांढरं दिसलं की व्हाइटटेल. शंका आली तर शिंगं बघा.’

‘लपायला जागा नाही’ हे चालत्या गाडीतून बघणाऱ्याचं म्हणणं झालं. सेजब्रशचा, म्हणजे तिथल्या करड्या-हिरव्या झुडपांचा माळ लांबून सपाट वाटतो. उतरून चाललात की घळी, ओघळ आणि कमरेएवढी झुडपं लागतात. त्यात हिवाळ्यातलं हरीण करडं-तपकिरी, म्हणजे खडकाच्याच रंगाचं. दुपारी ते सावलीत बसून असतं. पहिल्या वर्षी कोलोरॅडोत मी अर्धा तास एका दगडावर दुर्बीण रोखून बसलो होतो, आणि हरीण त्याच्या शेजारी होतं! अख्खं जनावर शोधू नका, तुकडे शोधा: झुडपांच्या उभ्या काड्यांत पाठीची आडवी रेघ, हललेला कान. पहाटे किंवा सांजेला, ऊन पाठीवर घेऊन बसा. उतार पट्ट्यापट्ट्याने बघा आणि तासाभराने तोच उतार पुन्हा बघा. सावली सरकली की हरीणही जागा बदलतं.

कान मोठे असतात, खरंच. पण शेजारी दुसरं हरीण नसेल तर मोठे कशापेक्षा? कान टवकारलेलं व्हाइटटेलही फसवतं. अमेरिकेचा पश्चिम भाग धुंडाळणाऱ्या मोहिमेचा म्होरक्या मेरिवेदर लुईस, त्याने मे १८०५ मध्ये रोजनिशीत ‘म्यूल’ म्हणजे खेचर या नावाचं कारण दिलंय: नेहमीच्या हरणाशी ताडून पाहता याचे कान आणि शेपूट, दोन्ही खेचराची आठवण करून देतात. शेपूट आपण विसरलो.

आणि तिथेच निरोप उलटा पडतो. शांत उभ्या म्यूल डिअरचा मागचा भाग पांढरा दिसतो, त्यावर दोरीसारखी बारीक शेपूट, टोक काळं. व्हाइटटेलची शेपूट रुंद, वरून तपकिरी. खालचं पांढरं झाकलेलं असतं आणि बिथरून शेपूट वर केली की झळकतं. (पॅसिफिक किनाऱ्याकडचं ब्लॅकटेल म्यूल डिअरच्याच जातीतलं, पण त्याची शेपूट वरून बरीचशी काळी.)

शिंगांचं थोडक्यात. माद्यांना ती नसतात, आणि नरांची आपल्या सांबर-चितळांसारखी दरवर्षी गळतात. म्यूल डिअरच्या मोठ्या नराच्या शिंगाला फाटा फुटतो आणि फाट्याला पुन्हा फाटा. व्हाइटटेलच्या एका मुख्य दांड्यावर सुटी टोकं उभी असतात. कोवळ्या नराला नुसते सुळकेही असू शकतात, तेव्हा त्यावरून निकाल देऊ नका.

निरोपात नसलेली खूण मात्र मला सगळ्यात आवडते. बिथरलेलं म्यूल डिअर चारही खूर एकदम उचलून, एकदम टेकवत, चेंडूसारखं टप्पे घेत चढ चढतं. व्हाइटटेल दौडतं. आणि धार ओलांडण्याआधी म्यूल डिअर बरेचदा थांबून मागे वळून बघतं. तोवर दुर्बीण खाली घेऊ नका.