‘९८ टक्के लिहिलंय ना, मग झालं’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

पेप्टाइड (अमिनो ॲसिडांची छोटी साखळी) मागवण्याआधी काय तपासावं, या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुम्ही एलएल-३७ वर, म्हणजे शरीरातल्या ३७ अमिनो ॲसिडांच्या जंतुनाशक पेप्टाइडवर, पीएचडी करताय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सर्टिफिकेटवर ‘९८ टक्के’ शुद्धता छापलेली असताना सप्लायरवर संशय घेणं म्हणजे उगाच कीस पाडणं, सरकारी संस्थेत ऑर्डर एल-१ लाच, म्हणजे सगळ्यात कमी दर देणाऱ्यालाच, जाते, त्यामुळे निवड आपल्या हातात नसतेच, आणि मी सांगितलेल्या चाचण्या पैसेवाल्या लॅबनाच परवडतात. शिवाय जिममधली मुलं असली पेप्टाइडं सर्रास टोचून घेतात, मग पेशींचे एवढे लाड कशाला, असंही तुम्ही विचारलंय.

ग्रँटची ओढाताण मला ठाऊक आहे, त्यावर वाद नाही. पण ९८ टक्के कशाचे, हा प्रश्न सोडायला मी तयार नाही. तुमच्याच पेप्टाइडचा हिशोब मांडतो.

तो आकडा एचपीएलसीचा, म्हणजे मिश्रणातले घटक कॉलममधून वेगळे करून मोजणाऱ्या चाचणीचा, असतो. साधारण २१४ ते २२० नॅनोमीटरच्या प्रकाशात आलेखावर जेवढे पीक (उंचवटे) दिसले, त्यांच्या एकूण क्षेत्रफळात मुख्य पीकचा वाटा ९८ टक्के, एवढाच त्याचा अर्थ. व्हायलमधलं पाणी आणि पेप्टाइडला चिकटून आलेलं टीएफए (ट्रायफ्लुओरोॲसेटिक ॲसिड) त्या हिशोबात धरलेलंच नसतं. एलएल-३७ मध्ये सहा लायसिन, पाच आर्जिनिन आणि साखळीच्या सुरुवातीचा एक अमिनो गट, म्हणजे टीएफए धरून ठेवणाऱ्या बारा जागा आहेत. पेप्टाइडचं वजन ४४९३, बारा टीएफएचं मिळून सुमारे १३६८. म्हणजे पूर्ण टीएफए सॉल्टमध्ये पेप्टाइडचा वाटा जेमतेम ७७ टक्के. त्यातून पाण्याचे सहा टक्के वजा करा, वर ९८ टक्क्यांची शुद्धता लावा. एक मिलिग्रॅम म्हणून तुम्ही जे तोलता, त्यात एलएल-३७ भरतं सुमारे ०.७ मिलिग्रॅम. सर्टिफिकेट खोटं नाही, सप्लायरही लबाड नाही. आपण त्या आकड्याकडून भलत्याच प्रश्नाचं उत्तर घेतो.

तुम्ही एमआयसी (जंतूंची वाढ थांबवणारं किमान प्रमाण) काढत असाल, तर ही ३० टक्क्यांची तूट तिथे कशी लपते पाहा. दुपटी-दुपटीच्या डायल्युशनमध्ये ती कधी दिसतच नाही, तर कधी निकाल प्लेटमधल्या एका अख्ख्या खळग्याने (वेलने) पुढे सरकवते. पुढच्या लॉटला कुणी ॲसिटेट सॉल्ट मागवलं, की त्याच ‘९८ टक्क्यां’च्या व्हायलमध्ये पाणी वगळता ८६ टक्के पेप्टाइड येतं, आणि तुम्ही महिनाभर बॅक्टेरियाच्या स्ट्रेनमध्ये दोष शोधत बसता. म्हणून नेट पेप्टाइड कंटेंट (पावडरमध्ये निव्वळ पेप्टाइड किती, तो आकडा) मागा, आणि तो अमिनो ॲसिड ॲनालिसिसने काढलेला मागा. तुमच्या पेप्टाइडबाबत हे जास्तच गरजेचं आहे, कारण एलएल-३७ मध्ये ट्रिप्टोफॅनही नाही आणि टायरोसिनही नाही. त्या दोघांच्या आधारे २८० नॅनोमीटरला मोजून प्रमाण काढायची वाट तुमच्यासाठी बंद आहे. याच कारणाने, कुणी एलएल-३७ चा क्रोमॅटोग्राम (एचपीएलसीचा आलेख) २८० चा पाठवला तर तो सरळ परत करा.

क्रोमॅटोग्राम मागायचा म्हणजे आलेख मागायचा, नुसता आकडा नव्हे. बुद्धी चालवायची ती इथे. मेरिफिल्ड यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या पद्धतीने साखळी रेझिनवर (बारीक मण्यांवर) एकेक अमिनो ॲसिड जोडत वाढते. ३७ च्या साखळीला ३६ जोडण्या. प्रत्येक जोडणी ९९ टक्के यशस्वी झाली, तरी शेवटी पूर्ण साखळ्या ७० टक्केच उरतात. बाकीच्या बऱ्याच साखळ्यांत एखादा लायसिन गळालेला, एखादा ग्लायसिन राहून गेलेला असतो. ही सगळी मुख्य पेप्टाइडची सख्खी भावंडं, कॉलममधूनही जवळपास त्याच्याच बरोबर बाहेर पडतात. दहा मिनिटांत ५ पासून ९५ टक्के ॲसिटोनायट्राइलपर्यंत धावणारा ग्रेडियंट (द्रावकाचं बदलत जाणारं प्रमाण) असेल, तर ती एकाच पीकखाली झाकली जातात आणि आकडा सुंदर येतो. म्हणून ग्रेडियंट लिहिलेला आहे का, बेसलाइन मोठी करून दाखवली आहे का, पीकला खांदा आहे का, हे पाहायचं. रनची तारीख आणि लॉट नंबर पाहायचा. दोन वेगळ्या लॉटना तोच आलेख, अगदी त्याच बारीक खोडींसकट दिसला, तर त्या सप्लायरशी पुढे बोलण्यात अर्थ नाही.

मास स्पेकचा (रेणूचं वजन मोजणाऱ्या चाचणीचा) कागद पाहायला पाच मिनिटं पुरतात. एलएल-३७ साठी चार चार्जचं पीक ११२४.३ आणि पाच चार्जचं ८९९.७ च्या आसपास हवं. लायसिन गळालेली साखळी १२८ ने हलकी दिसेल. मात्र ल्युसिन आणि आयसोल्युसिनचं वजन सारखंच असतं, आणि क्रम उलटसुलट झाला तरी एकूण वजन बदलत नाही. वजन जुळलं म्हणजे ओळख पटली असं नाही. क्रमाची खात्री हवी असेल तर एमएस-एमएस (रेणूचे तुकडे करून त्यांचं वजन मोजणं) मागावं लागतं.

हा अतिरेक वाटत असेल तर एक नोंदलेली घटना सांगतो. एचआयव्हीच्या एका लशीच्या चाचणीत काही स्वयंसेवकांच्या टी-पेशी एका पेप्टाइडला जोरदार प्रतिसाद देत होत्या. लस लागू पडली असं वाटावं असाच तो निकाल. पण चाचणीत नसलेल्या काही माणसांतही तोच प्रतिसाद मिळाला. शोध घेतल्यावर कळलं, की विकत आणलेल्या त्या पेप्टाइडमध्ये सायटोमेगालोव्हायरसचं पेप्टाइड मिसळलेलं होतं. २००८ मध्ये हे प्रसिद्ध झालं. टीएफएबद्दलही तसंच: १९९९ मध्ये ऑकलंडच्या संशोधकांनी दाखवलं, की हाडं घडवणाऱ्या पेशींची वाढ नॅनोमोलर प्रमाणातल्या टीएफएनेही मंदावते. पेशींवर काम असेल तर ॲसिटेट किंवा क्लोराइड सॉल्ट घ्या, असं मी त्या लेखात लिहिलं ते यासाठी.

एंडोटॉक्सिनचा, म्हणजे बॅक्टेरियाच्या आवरणातल्या लिपोपॉलिसॅकराइड या विषाचा, मुद्दा तुम्ही ‘बायोलॉजीवाल्यांची भीती’ म्हणून उडवून लावलात, पण तुमच्या बाबतीत तो सगळ्यात नाजूक आहे. एलएल-३७ स्वतःच लिपोपॉलिसॅकराइडला धरून ठेवतं. त्यामुळे एंडोटॉक्सिन मोजणाऱ्या नेहमीच्या एलएएल चाचणीत रीडिंग कमी येऊ शकतं आणि व्हायल स्वच्छ असल्याचा भास होतो. माहीत असलेलं एंडोटॉक्सिन मुद्दाम मिसळून ते चाचणीत पुरतं परत मिळतं का, हे तपासलं होतं का, असं सप्लायरला विचारा.

आता एल-१. सगळ्यात कमी दर म्हणजे अटी पूर्ण करणाऱ्यांतला सगळ्यात कमी दर, आणि त्या अटी आपणच लिहितो. पर्चेस सेक्शनला ‘एलएल-३७, ५ मिलिग्रॅम, शुद्धता ९५ टक्क्यांच्या वर’ एवढंच दिलं, तर ते स्वस्तातलं आणतील, त्यांचा काय दोष? त्याऐवजी सॉल्ट कोणतं, ५ मिलिग्रॅम म्हणजे निव्वळ पेप्टाइड की नुसती पावडर, क्रोमॅटोग्राम किती नॅनोमीटरचा, मास स्पेक त्याच लॉटचा, आणि अटीत न बसल्यास माल बदलून मिळणार, हे इंडेंटमध्येच (मागणीपत्रात) लिहा. कस्टम सिंथेसिसमध्ये तुमचा लॉट ऑर्डरनंतर बनतो, तेव्हा आधी पाहायला काही नसतंच. इंडेंटमधल्या आणि पीओमधल्या (खरेदी आदेशातल्या) ओळी हीच तुमची तपासणी. यातल्या बहुतेक गोष्टी सप्लायरकडे तयार असतात, मागायला पैसे पडत नाहीत. अमिनो ॲसिड ॲनालिसिसचे वेगळे पडतात, पण दर निव्वळ मिलिग्रॅममागे काढून पाहिलात तर महाग दिसणारं कोटेशन कित्येकदा स्वस्त ठरतं. शिवाय २०२५ च्या जूनमध्ये वैज्ञानिक संस्थांसाठी खरेदीचे नियम सैल झाले आहेत. कोटेशनशिवाय खरेदीची मर्यादा एक लाखावरून दोन लाख झाली आणि सरकारी खरेदीच्या जेम पोर्टलबाहेरून घेण्याची मुभा संस्थाप्रमुखांना मिळाली. तुमच्या गाइडना हे सांगा, अजून बऱ्याच विभागांत जुनाच फॉर्म फिरतोय.

जिमच्या मुलांबद्दल मात्र स्पष्ट लिहितो. ‘फक्त संशोधनासाठी’ असं लेबल असलेली व्हायल निर्जंतुक असल्याची हमी कुणी दिलेली नसते, डोस कुणी ठरवलेला नसतो, आणि वर सांगितलेला एकही कागद ती माणसांसाठी सुरक्षित आहे असं म्हणत नाही. त्यांना काही होत नाही असं आपल्याला वाटतं, कारण त्यांची नोंद ठेवायला कुणी बसलेलं नाही. तुमच्या ओळखीत कुणी टोचून घेत असेल तर त्याला थांबवा आणि डॉक्टरकडे न्या.

तुमच्या फ्रीजरमध्ये आत्ता जी व्हायल आहे, तिच्यासाठी सप्लायरला लॉट नंबर देऊन कच्चा क्रोमॅटोग्राम, सॉल्टचं नाव आणि नेट पेप्टाइड कंटेंट मागवा. ते येईपर्यंत ती उघडू नका. उघडाल तेव्हा आधी बंद झाकणानेच खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर थंड पावडर हवेतलं पाणी ओढून घेते आणि तोललेलं वजन आणखी फसवं होतं. कागद आले की इथेच खाली लिहा, आलेख आपण मिळून वाचू.