ताटातून काही काढण्याआधी

गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला एका मैत्रिणीचा मेसेज आला. तिची मुलगी २१ महिन्यांची आहे. अजून आधाराशिवाय उभी राहत नाही, हाक मारली तर वळत नाही. कोणीतरी तिला सांगितलंय की गहू आणि दूध बंद कर, तीन महिन्यांत फरक दिसेल. "तू केलं होतंस ना? काय काय बंद करायचं त्याची यादी पाठव."

यादी माझ्याकडे आहे, पण मी ती पाठवली नाही. का पाठवली नाही ते इथे लिहिते, कारण वर्षभरात हाच प्रश्न मला आणखी चौघींनी विचारलाय आणि मेसेजमध्ये याचं उत्तर मावत नाही.

माझा मुलगा आता तीन वर्षांचा होईल. विसाव्या महिन्यात चालायला लागला. दोन वर्षांचा झाला तरी तोंडात एक शब्द नव्हता. घरात सगळे म्हणत होते, आपल्याकडे मुलगे उशिराच बोलतात, ह्याचा बाबासुद्धा उशिराच बोलला. मला धीर यावा म्हणूनच म्हणत होते. त्या धीरात आमचे आठ महिने गेले. मग एक दिवस कागदावर 'ग्लोबल डेव्हलपमेंटल डिले', म्हणजे विकासाच्या अनेक बाबतींत मूल मागे, असं लिहून आलं, आणि थेरपीसाठी दोन महिने थांबा असं सांगण्यात आलं.

ते दोन महिने फार वाईट असतात. मूल समोर आहे, आपले हात रिकामे आहेत, आणि मोबाईलवर कोणीतरी ठामपणे सांगतंय की करण्यासारखं आहे, आजच सुरू करा. मी बारा हजार भरून एका ऑनलाइन कन्सल्टंटकडून डाएट प्लॅन घेतला. ग्लुटेन (गव्हातलं प्रथिन) बंद, दूध आणि दुधाचं सगळं बंद, साखर बंद, मासळी 'सध्या नको'. त्या बाईने माझ्या मुलाला कधी पाहिलं नाही, रक्ताचा एक रिपोर्ट मागितला नाही. मलाही तो मागावा असं सुचलं नाही.

आमच्याकडे गोव्यात, डिचोलीत, सकाळी साडेसहाला पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, येतो. नावाने दहा हाका मारल्या तरी न वळणारा माझा मुलगा वळणावर सायकलचा पों-पों ऐकू आला की हातातलं टाकून उठायचा, माझं बोट धरून दाराकडे ओढायचा. पोदेर त्याच्या हातात काकण द्यायचा. गोव्याबाहेरच्यांसाठी सांगते, काकण म्हणजे बांगडीच्या आकाराचा कडक पाव. आधी तो ते मनगटात घालायचा, फिरवून बघायचा, मग काढून एका बाजूने चावत बसायचा. अर्धा अर्धा तास. दुसरं काहीच तो स्वतःच्या हाताने खात नव्हता. पेज मी भरवायची, भातसुद्धा मिक्सरमधून काढून भरवायची.

यादीत पाव पहिलाच होता. मी पोदेराला नको म्हणून सांगितलं. हॉर्न शेजाऱ्यांकडे वाजायचाच. पहिले चार दिवस मुलगा दाराशी जाऊन रडला. "आज बाबाक पाव नाका?" पोदेर बाहेरून विचारायचा, मी आतूनच नको म्हणायची. दुसऱ्या आठवड्यात तो दाराशी जाऊन नुसता उभा राहायचा. महिन्याभराने हॉर्न वाजला तरी मान वर करेनासा झाला. मी डायरीत लिहिलं, 'शांत झालाय'. कन्सल्टंटला तसंच कळवलं. 'व्हेरी गुड, असंच चालू ठेवा' असं उत्तर आलं.

हे आठवलं की अजून पोटात खड्डा पडतो.

थेरपीच्या पहिल्या दिवशी मॅडमनी विचारलं, "हा स्वतः होऊन काय मागतो?" मी म्हटलं, आता काही नाही, आधी पाव मागायचा. "तोंडाने?" नाही, हात ओढून. मॅडमनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "तोच त्याचा शब्द होता."

त्यांनी आम्हाला आधी विकासतज्ज्ञ डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टरांनी सगळ्यात आधी कानाची तपासणी सांगितली, आणि रक्ताची: हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरात साठलेलं लोह), बी-१२, डी जीवनसत्त्व, थायरॉईड. गव्हाचा खरंच त्रास आहे का हेही बघूया, म्हणाले. गव्हामुळे होणारा सीलिअॅक नावाचा आजार असतो, आणि तो असेल तर गहू आयुष्यभर बंदच करावा लागतो. पण ती तपासणी मूल गहू खात असतानाच करायची असते. आधीच बंद केला असेल तर आजार असूनही रिपोर्ट नॉर्मल येऊ शकतो. म्हणून काही आठवडे पुन्हा गहू द्या, मग रक्त घेऊ. ही एक गोष्ट मला कोणी आधी सांगितली असती तर! माझ्या मुलाचा पाव डॉक्टरांच्या चिठ्ठीने परत आला. तपासणीत सीलिअॅक निघाला नाही.

हिमोग्लोबिन मात्र ८.१ निघालं. या वयात ते किमान ११ हवं. डाएटच्या तीन महिन्यांत वजनही सहाशे ग्रॅमने उतरलं होतं.

दोष एकट्या डाएटचा नव्हता. त्याआधी दीड वर्ष मी त्याला बाटलीने दिवसाला लिटरभर दूध पाजत होते. जेवत नाही, निदान दूध तरी पोटात जाऊ दे, असं वाटायचं. दुधात लोह जवळजवळ नसतंच, वर ते जेवणातल्या लोहाचं शोषण अडवतं आणि पोट भरून ठेवतं. या वयाला दिवसाला अर्धा लिटरच्या वर दूध नको, हे मला तेव्हा कळलं. पाव चहात बुडवून द्यायचो, तो चहाही लोह अडवतो. मग डाएट आलं आणि ताटात उरला भात, बटाटा आणि बदामाचं पाणी. तो भिंतीचा चुना चाटायचा, रात्री पाय झाडत झोपायचा. मी ते सगळं विकासाच्या खात्यात टाकलं होतं, लोहाच्या नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातली पाच वर्षांखालची ६७.१ टक्के मुलं रक्तक्षयी निघाली. गोवा खातापिता, शिकलेला, तरी इथेही हे प्रमाण निम्म्याच्या वर होतं. तरीही बोलत नसलेल्या मुलाचं हिमोग्लोबिन बघूया असं आमच्या घरात एकालाही वाटलं नाही.

ग्लुटेन आणि केसीन (दुधातलं प्रथिन) बंद करायची कल्पना आली कुठून ते मी नंतर वाचलं. हे दोन्ही नीट पचत नाहीत, त्यातून अफूसारखी द्रव्यं बनून मेंदूवर परिणाम करतात, असा तर्क ऑटिझमबद्दल १९७९ पासून मांडला गेला. ऐकायला पटतं. अमेरिकेत रॉचेस्टरला १४ ऑटिस्टिक मुलांना आधी हे डाएट दिलं, मग कोणालाही न कळू देता खाऊतून कधी ग्लुटेन, कधी केसीन, कधी दोन्ही, कधी काहीच नाही असं दिलं. २०१६ साली निष्कर्ष छापून आले. वागण्यात, झोपेत, शौचात फरक दिसला नाही. मुलं थोडी होती, मान्य. पण माझ्या मुलाला तर ऑटिझमचं निदानही झालेलं नव्हतं.

आहाराने काहीच होत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. नॉर्वेतल्या बोर्गनी एगलंड नावाच्या आईची दोन्ही मुलं मागे पडत होती आणि त्यांच्या लघवीला विचित्र वास यायचा. ती डॉक्टरांमागून डॉक्टर फिरली, कोणी लक्ष देईना. शेवटी १९३४ मध्ये डॉ. फोलिंग यांनी लघवी तपासली आणि फिनाइलकिटोन्युरिया हा, प्रथिनातला एक घटक शरीराला वापरता न येण्याचा जन्मजात आजार सापडला. १९५० च्या दशकात इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅमला त्यावर खास आहार सुरू झाला. आज जन्मतःच निदान होऊन तो आहार मिळाला तर मुलाचा मेंदू वाचतो. पण तिथेही आधी लघवी तपासली, मग ताट बदललं. ती आई मला फार जवळची वाटते. ती उपाय शोधत नव्हती, काय झालंय ते सांगा म्हणून मागे लागली होती.

आमचं आता असं चाललंय. लोहाचे थेंब जेवणापासून लांब, लिंबाच्या पाण्याबरोबर. दूध दोन कप, तेही कपातून, बाटली बंद. चहा अजिबात नाही. तांबडी भाजी, तिसऱ्या, कोंबडीचं काळीज, काटे काढलेली तारली. नाचणीचं तिझन, म्हणजे पेजेसारखी खीर, नाचणी मोड आणून वाळवून दळलेली. मिक्सर बंद केला, कारण चावायलाही शिकावं लागतं. आधी मऊ भात, मग बोटाएवढा उकडलेला भोपळा त्याच्याच हातात. दीड महिना त्याने तो नुसता चुरगाळून टाकला.

चार महिन्यांत हिमोग्लोबिन १०.९ झालं. चुना चाटणं थांबलं, झोप लागायला लागली, थेरपीत पाच मिनिटं बसायचा तो वीस मिनिटं बसतो. बोलत नाही अजून. लोहाने तो बोलेल असं डॉक्टर कधीच म्हणाले नाहीत, मीही म्हणत नाही. पण रक्तच नसलेलं मूल थेरपीत शिकणार कशाच्या जोरावर?

त्या रात्री मी मैत्रिणीला फोन केला. यादी नाही, तपासण्यांची नावं सांगितली. कान आधी, म्हटलं. तुम्ही शाकाहारी आहात, तिचं आणि तुझंही बी-१२ बघ. २०१३ पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीपासूनच अशा मुलांची तपासणी फुकट होते, सेविकेला विचार. काही काढायचंच असेल तर डॉक्टरांना विचारून काढ, आणि तिला आवडणारी शेवटची गोष्ट काढू नकोस. ती रडायला लागली. म्हणाली, सासरी सगळे विचारतात, गरोदरपणात तू काय खाल्लंस. मलाही विचारलं होतं. मी म्हटलं, फोन ठेवू नको, रड.

पोदेराला आता मी सांगून ठेवलंय, पिशवी गेटला अडकवून जाऊ नकोस, मिनिटभर थांब. मॅडमनी शिकवल्याप्रमाणे मी एका हातात उंडो, म्हणजे गोल पाव, धरते, एका हातात काकण, आणि काही न बोलता थांबते. परवा त्याने उंड्याकडे बघितलं. मग काकणाकडे. मग मान वर करून माझ्या तोंडाकडे. आणि काकण घेतलं.