नाक तिखट आहेच, वाद त्याचा नाही

नमस्कार. स्फोटकं हुंगणाऱ्या कुत्र्यांना वेगवेगळ्या नमुन्यांवर आणि वजनांवर सराव हवा, या म्हणण्यावर तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 'आरडीएक्सचा वास एकदा डोक्यात बसला की कुत्रा कुठलंही आरडीएक्स ओळखतो. पोलिसांच्या झंजीर या कुत्र्याने 1993 मध्ये मुंबईत ते दाखवून दिलं. आणि 10 ग्रॅम सापडत असेल तर 5 किलो सापडणारच.'

झंजीरच्या कामाबद्दल दुमत नाही. पण सापडलेल्या मालाचा पंचनामा होतो, हुकलेल्याचा होत नाही.

आरडीएक्सचंच बघा. शुद्ध आरडीएक्सची वाफ नेहमीच्या तापमानाला जवळजवळ नसतेच. सी-4 हे आरडीएक्सपासून बनवलेलं प्लास्टिक स्फोटक हुंगताना कुत्र्याला मिळतो तो मुख्यतः सोबतच्या द्रव्यांचा वास: सायक्लोहेक्झॅनोन, इथाइल हेक्झॅनॉल, आणि 1991च्या माँट्रियल करारानंतर ओळख पटावी म्हणून मिसळलं जाणारं डीएमएनबी. एकाच कारखान्याच्या मालावर शिकलेल्या कुत्र्याने यातलं नेमकं काय धरलंय, हे वरून कळत नाही. माल बदलला की त्याच्या लेखी तो वेगळाच पदार्थ ठरू शकतो.

घरगुती स्फोटकांत हे जास्त जाणवतं. 2014 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात फक्त शुद्ध पोटॅशियम क्लोरेटवर तयार केलेली बहुतेक कुत्री क्लोरेटच्या किमान एका मिश्रणावर चुकली. नाकं तीच होती. मिश्रणं सरावात आणल्यावर कामगिरी सुधारली.

दुसरी गोची साठवणुकीत. सगळे नमुने एकाच कपाटात ठेवले की उग्र वासाचा पदार्थ बाकीच्यांना लागतो, आणि कुत्रा चार डब्यांत एकच वास शिकतो. लपवणाऱ्याचे हातमोजे, चिकटपट्टी, डब्याचं प्लास्टिक यांचंही तेच. म्हणून चाचणीच्या डब्यांच्या रांगेत नुसते मोजे आणि पट्टी लावलेला रिकामा डबा ठेवायचाच. तिथे कुत्रा बसला, म्हणजे 'सापडलं' अशी खूण केली, तर तो स्फोटक शिकलेलाच नाही.

वजनाचं गणित तुम्हाला वाटतं तसं सरळ नाही. रोज 10 ग्रॅमवर सराव केलेला कुत्रा 5 किलोच्या मालापाशी, विशेषतः तो रात्रभर बंद खोलीत पडून असेल तर, वासाच्या कडेलाच घुटमळतो. खोलीभर वास असतो, उगम सापडत नाही. हँडलरला, म्हणजे कुत्रा सांभाळणाऱ्याला, वाटतं कुत्रं दमलंय, आणि तो त्याला पुढे ओढतो.

अनोळखी नमुन्याची चाचणी एकदाच होते. पहिल्या वेळी कुत्रा बसला आणि बक्षीस म्हणून चेंडू दिला, की पुढच्या खेपेला तो नमुना ओळखीचा झाला. त्यामुळे पहिला प्रतिसादच धरायचा. नमुन्याची जागा हँडलरला माहीत नको, सोबत उभ्या असलेल्या निरीक्षकालाही नको. काही रांगा पूर्ण रिकाम्या हव्यात, आणि हँडलरला तसं सांगायचं नाही. एरवी 'काहीतरी असणारच' या समजुतीने तो एखाद्या डब्यापाशी पाऊलभर रेंगाळतो आणि कुत्रा बरोबर तिथेच बसतो.